उडत्या नौका : कुणी पाहिल्यात का? आठवणी आणि उरलेसुरले सांगाडे

खाडीकाठचा | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय.

डिसेंबरात गोव्याला गेलो होतो. घरच्यांना किनारा हवा होता आणि मला दाबोळीचं नौदलाचं विमान संग्रहालय. अर्ध्या दिवसाची परवानगी मिळाली. बाहेरच्या आवारात सगळी गर्दी सी हॅरियर आणि त्या अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशनभोवती. एका बाजूला मात्र एक बुटकं, पोट सुटलेलं विमान उभं होतं, त्याच्याजवळ चिटपाखरू नाही. माझा मुलगा (इयत्ता सातवी) म्हणाला, "बाबा, ह्याचं खालचं अंग होडीचं आहे." बघतो तर खरंच. शॉर्ट सीलँड. १९५३ मध्ये आपल्या नौदलाचं हवाई अंग कोचीला उभं राहिलं तेव्हा घेतलेली पहिली विमानं हीच. एकूण दहा घेतली होती. करणारे बेलफास्टचे शॉर्ट ब्रदर्स, म्हणजे ज्यांनी दुसऱ्या महायुद्धातली सुप्रसिद्ध संडरलँड उडती नौका केली तेच.

आता खरा मुद्दा. माझी आजी कराचीची. आजोबा तिथे लष्करी हिशेब खात्यात कारकून होते, १९४७ मध्ये सगळं सोडून पुण्याला आले. आजी सांगायची, "कोरंगीच्या खाडीत विमान पाण्यात उतरायचं. बगळ्यासारखं अलगद नाही हो, म्हैस डबक्यात बसते तसं, फस्सकन." त्याला छत्रीसारखे पंख होते म्हणायची. आणि एक गोष्ट हमखास सांगायची : विमान उतरायच्या आधी एक लाँच यायची, खाडीभर वेड्यासारखी नागमोडी फिरून पाणी ढवळून जायची आणि मगच विमान उतरायचं. आम्ही पोरं हसायचो. वडील म्हणायचे, म्हातारीच्या डोक्यात भाऊच्या धक्क्याची लाँच आणि कराचीचं विमान एकत्र झालंय.

आजी २००३ मध्ये गेली. सीलँडसमोर उभं राहून तिची आठवण आली आणि थोडी लाजही वाटली. तर, युद्धकाळातल्या ह्या उडत्या नौकांबद्दल कुणाच्या घरात काही आठवणी आहेत का? जगात कुठे शिल्लक आहेत, कुणी पाहिल्यात का? येऊ द्या.

चिंचगुळ | रविवार, रात्री ११:०५

मी पहिली! म्हणजे ते केवडियाला सुरू केलेलं सीप्लेन, तेच ना?

नटबोल्ट | रविवार, रात्री ११:३१

नाही हो चिंचगुळ. २०२० मध्ये साबरमती ते केवडिया जे उडालं ते ट्विन ऑटर. साध्या विमानाच्या चाकांजागी दोन तराफे लावले की झालं तरंगतं विमान. उडत्या नौकेत विमानाचं धडच होडी असतं, ते धडावरच पाण्यात बसतं. आणि होडी म्हटल्यावर होडीची सगळी दुखणी आली. तळ गळतो, पाणी उपसावं लागतं, नांगर टाकावा लागतो, वादळात बांधल्या जागी बुडते. दुरुस्तीसुद्धा पाण्यातच, छोट्या नावेत उभं राहून. हातातला पाना निसटला की गेला तळाला.

धागा छान आहे. खाडीकाठचा, तुमच्या आजीच्या लाँचबद्दल सांगण्यासारखं आहे, पण आता झोपतो. उद्या.

रापणकार | सोमवार, सकाळी ७:१०

वाचतोय. नटबोल्टभाऊ, असं मधेच सोडून झोपायचं नसतं.

नटबोल्ट | सोमवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

उडत्या नौकेचा तळ सलग गुळगुळीत ठेवला तर ती कधीच उडणार नाही. पाणी वक्र तळाला चिकटून वर चढतं आणि मागे ओढतं. नळाखाली चमच्याची पाठ धरून बघा, चमचा धारेत खेचला जातो, तसंच. म्हणून तळाला मध्यावर एक आडवी पायरी ठेवतात. वेग वाढला की पाणी त्या पायरीपाशी तुटतं, मागे हवा शिरते आणि विमान नुसत्या पुढच्या भागावर घसरत सुटतं. तिथून पुढे उडणं सोपं.

पण पाणी आरशासारखं स्थिर असेल तर दोन्हीकडून पंचाईत. उडताना तळ सुटत नाही, कारण लाटा फुटल्या की हवा तळाखाली शिरते, तीच इथे नाही. आणि उतरताना वैमानिकाला पाण्याची पातळी कळतच नाही. खाली आभाळच दिसतं, आपण पाच फुटांवर आहोत की पन्नास, पत्ता नाही. कितीतरी अपघात निव्वळ ह्यामुळे झाले. उपाय काय? एक लाँच पाठवायची, ती पाणी ढवळून तरंग उठवून जाते, मग विमान.

आजी बरोबर होत्या.

खाडीकाठचा | सोमवार, दुपारी १:३४

हे वाचून पाच मिनिटं नुसता बसून होतो. वडिलांना फोन केला. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, "आईला सांगायला हवं होतं रे."

रापणकार | सोमवार, दुपारी ३:०२

काका, डोळे पाणावले.

आमच्याकडे होडीच्या तळाच्या मधल्या लाकडाला पठाण म्हणतात. ह्या विमानांना पठाण असतो का?

नटबोल्ट | सोमवार, रात्री ९:१५

असतो की. धातूचा, पण काम तेच. संडरलँडचं धड आतून पाहिलं तर गलबताचा सांगाडाच, बरगड्यांसकट. तिला पाण्यावर वळायला आणि थांबायला ब्रेक नव्हते, म्हणून स्वयंपाकघराच्या दोन बाजूंच्या झडपांतून कापडी पोती पाण्यात सोडायचे. डाव्या बाजूचं सोडलं की विमान डावीकडे वळतं.

आणि छत्रीसारखे पंख? कॅटलिना! तिचा पंख धडाला जोडलेला नसतो, वर एका खांबावर आडवा धरलेला असतो. १०४ फूट लांब एकच पंख आणि खाली बोट. इंग्रजीत त्या रचनेला छत्रीवरूनच नाव आहे. १९४२-४३ मध्ये कोरंगी क्रीकला ब्रिटिश हवाई दलाच्या २१२ आणि १९१ ह्या दोन स्क्वाड्रन कॅटलिना घेऊन होत्या. काळ जुळतोय.

टपालखुणा | सोमवार, रात्री १०:४०

जरा थांबा. कोरंगीला युद्धाआधीपासून इंपीरियल एअरवेजच्या चार इंजिनांच्या एम्पायर बोटी उतरत होत्या. १९३८ पासून साउदम्पटन ते सिडनी हा सगळा प्रवास त्यांवर होई. हिंदुस्थानात कराचीनंतर राजसमंदचा तलाव, मग ग्वाल्हेरजवळ, अलाहाबादेला यमुना आणि कलकत्त्याला हुगळी असे मुक्काम. मेवाडातल्या राण्याने बांधलेल्या तलावात लंडनची टपाल उतरायची, विचार करा! आजींनी त्याच पाहिल्या असतील. छत्रीवरून कॅटलिनाच ठरवणं म्हणजे घाई झाली.

माझा नाद पाकिटांचा, म्हणून एवढं ठाऊक. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रावरचा रस्ता बंद झाला. मग ह्याच बोटी डर्बन ते सिडनी अशा, आफ्रिकेचा किनारा चढून कैरो, कराची, कलकत्ता करत जायला लागल्या. नकाशावर घोड्याचा नाल दिसतो म्हणून त्याला नालाचा मार्ग म्हणतात. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि नाल मधूनच तुटला. त्या काळातलं सेन्सॉरची पट्टी लावलेलं एक पाकीट माझ्याकडे आहे. आत काय होतं कोण जाणे, बाहेर सुरेख मोडी वळणाची सही आहे.

पर्थकर | मंगळवार, पहाटे ५:५५

टपालखुणा, तुमचा तुटलेला नाल जोडला कुणी ते मी सांगतो. मी राहतो तिथून वीस मिनिटांवर.

सिंगापूर पडल्यावर ऑस्ट्रेलियाचा पश्चिमेशी हवाई संबंध संपला. मग १९४३ च्या जुलैत क्वांटासने पर्थच्या स्वान नदीतून, नेडलँड्स भागातून, थेट सिलोनच्या कोग्गला तलावापर्यंत कॅटलिना न्यायला सुरुवात केली. मध्ये कुठेही न थांबता सुमारे ५,६५० किलोमीटर. पाच विमानं होती, पाचांनाही ताऱ्यांची नावं : अल्टेर, व्हेगा, रायजेल, अंटारिस, स्पायका. श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा, चित्रा. (आमच्या आजोबांचं पंचांग इथे कामाला आलं.) इंधनच इतकं भरायचं की तीन प्रवासी आणि जेमतेम ६९ किलो टपाल एवढंच घेता यायचं. हत्यार नाही, रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून. जपान्यांच्या टप्प्यातला भाग रात्री ओलांडायचा. २७ ते ३२ तास लागायचे, म्हणजे एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा. प्रवाशाला उतरल्यावर 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चं प्रमाणपत्र मिळे. सर्वांत लांब फेरी ३२ तास ९ मिनिटं. पुढे ही सेवा सिलोनहून कराचीपर्यंत वाढवली, म्हणजे पुन्हा कोरंगी! दोन वर्षांत २७१ फेऱ्या झाल्या आणि एकही विमान पडलं नाही.

एकही पडलं नाही, तरी आज एकही शिल्लक नाही. अमेरिकेने ती उधारीच्या करारावर दिलेली. करारात असं की युद्ध संपलं की परत करा, पैसे भरा नाहीतर नष्ट करा. परत नेणं परवडेना, विकत कोण घेणार. शेवटी समुद्रात नेऊन बुडवली, बहुतेक इथेच रॉटनेस्ट बेटापलीकडे. मी त्या बेटावर दर वर्षी पोरांना घेऊन जातो. फेरीतून पाण्याकडे बघताना दर वेळी डोक्यात येतंच.

लाँगरीचच्या क्वांटास संग्रहालयात एक कॅटलिना उभी केली आहे, पण ती स्पेनमधून आणलेली दुसरीच. मूळ पाचांतली नाही.

चिंचगुळ | मंगळवार, सकाळी ८:२०

बाप रे, ३२ तास! मला पुणे-नागपूर बसमध्ये १४ तास होत नाहीत. आणि त्या विमानात संडास होता का? (प्रामाणिक शंका, हसू नका.)

ढगाळ | मंगळवार, दुपारी २:४५

केंब्रिजहून. चिंचगुळ, कॅटलिनाचं सोडा, संडरलँडमध्ये चक्क चिनीमातीचा, पाणी सोडायची सोय असलेला होता! शिवाय झोपायला बंक, दुरुस्तीच्या कामाला छोटं टेबल आणि स्वयंपाकाला रॉकेलचा दाबाचा जोड-स्टोव्ह. लंडनला हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात संडरलँडच्या आत शिरता येतं. मी आत गेले तेव्हा तो ओटा बघून पहिला विचार आला की पिन कुठे ठेवत असतील. आमच्या घरी स्टोव्हची पिन हरवली की सगळं घर कामाला लागायचं.

लांबून ते विमान म्हणजे दुमजली बस. पंखांचा पसारा ११२ फुटांच्या वर. १९३७ मध्ये पहिलं उडालं, एकूण ७४९ झाली. सगळ्या अंगावर बंदुका असल्यामुळे त्याला 'उडतं साळिंदर' म्हणत. २ जून १९४३ ला बिस्केच्या उपसागरावर एका ऑस्ट्रेलियन संडरलँडला आठ जर्मन युंकर्स ८८ विमानांनी घेरलं. आदल्या दिवशी पाडलेल्या प्रवासी विमानातलं कुणी वाचलंय का, हे शोधायला बाहेर पडलं होतं बिचारं. त्याने तिघांना पाडलं, स्वतःची चाळण करून घेतली, एक माणूस गमावला आणि कसंबसं कॉर्नवॉलच्या प्रा सँड्सच्या किनाऱ्यावर येऊन टेकलं.

आता शिल्लक कुठे ते. हेंडनचं एक आणि माझ्या घराजवळ डक्सफर्डला एक. दोन्ही फ्रेंच नौदलाकडून मागे आलेली. डक्सफर्डच्या विमानाने मधली काही वर्षं फ्रान्समध्ये बार म्हणून काढली! ऑकलंडला एक आहे, न्यूझीलंडने ती थेट १९६७ पर्यंत वापरली. फ्लोरिडात एक खाजगी संग्रहात. बाकीची भंगारात गेली.

मला मात्र सगळ्यांत आवडतं ते न दिसणारं. वेल्समध्ये पेंब्रोक डॉक म्हणून मोठा तळ होता. तिथे १२ नोव्हेंबर १९४० च्या वादळात एक नवंकोरं संडरलँड बांधल्या जागी बुडालं. साठ वर्षांनी एका मच्छीमाराचा शेवंडाचा पिंजरा कशात तरी अडकला, पाणबुडे उतरले आणि ते तेच निघालं. नंबर टी ९०४४. एक इंजिन वर काढून तिथल्या केंद्रात ठेवलंय. नटबोल्ट म्हणाले ना, वादळात बांधल्या जागी बुडते, त्याचा हा पुरावाच.

रापणकार | मंगळवार, दुपारी ४:००

शेवंड! आता माका विश्वास बसलो.

जुनाजोगी | मंगळवार, रात्री ८:५०

कोग्गलाचं नाव निघालं म्हणून लिहितो. गेल्या साली श्रीलंकेला सहलीत तिथे तलावात होडीने फिरवलं, दालचिनी सोलून दाखवली, आणि ह्या गोष्टीचं अवाक्षर नाही.

४ एप्रिल १९४२. कॅनडाच्या ४१३ स्क्वाड्रनचा लिओनार्ड बर्चल शेटलंडच्या गारठ्यातून दोनच दिवसांपूर्वी कोग्गलाला आलेला. पहाटे कॅटलिना घेऊन सिलोनच्या दक्षिणेला गस्तीला गेला. दिवसभर नुसतं पाणी. परत फिरायची वेळ झाली, पण चंद्र उगवला की आपली जागा पक्की करता येईल म्हणून आणखी एक फेरी मारली आणि क्षितिजावर ठिपके दिसले. जवळ गेला तर जपानी नौसेनापती नागुमोचं आरमार, चार महिन्यांपूर्वी पर्ल हार्बर उद्ध्वस्त केलेलं! रेडिओवर खबर सुरू केली, ती पुन्हा पुन्हा पाठवत असतानाच जपान्यांच्या झीरो लढाऊ विमानांनी पाडलं. नऊपैकी तिघे गेले, सहा जण जपान्यांच्या हाती लागले. बर्चल युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला, पण बंदरातली बरीच जहाजं आधीच बाहेर काढलेली होती. तेव्हापासून 'सिलोनचा तारणहार'.

टपालखुणा | मंगळवार, रात्री ९:२५

जोगीबुवा, माणूस शूर ह्यात वादच नाही, पण 'तारणहार' जरा जास्तच. हल्ला येणार हे ब्रिटिशांना आधीच कळलं होतं. १ एप्रिलच्या सुमारास येईल म्हणून ब्रिटिश नौसेनापती सॉमरव्हिल आरमार घेऊन वाट बघत फिरला, कुणी आलं नाही, मग इंधन-पाण्यासाठी मालदीवच्या अड्डू बेटांकडे गेला आणि नेमकं तेव्हा जपानी आले. बर्चलने दिवस नक्की करून दिला, एवढंच. आणि तरीही डॉर्सेटशायर, कॉर्नवॉल ह्या ब्रिटिश युद्धनौका ५ तारखेला बुडाल्या, ९ तारखेला हर्मिस ही विमानवाहू नौका. मधे ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडलेच.

जुनाजोगी | मंगळवार, रात्री ९:४०

दिवस नक्की करून देणं 'एवढंच'? तुम्ही बंदरात असता तर कळलं असतं.

नटबोल्ट | मंगळवार, रात्री ९:५२

दोघेही बरोबर, भांडू नका. ह्या विमानांचं कामच ते होतं. ताशी दोनशे किलोमीटरने रेंगाळत जायचं, दिसलं की कळवायचं आणि बहुतेक वेळा मार खायचा. २६ मे १९४१ ला जर्मन युद्धनौका बिस्मार्क हरवली होती, ती सापडली ती उत्तर आयर्लंडच्या लॉक अर्नहून निघालेल्या कॅटलिनाला. त्या वेळी सुकाणू धरून होता अमेरिकेचा नौसैनिक लेनर्ड स्मिथ. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती, त्यामुळे हे बराच काळ झाकून ठेवलं. आणि युद्धाच्या शेवटी, २ ऑगस्ट १९४५ ला, बुडालेल्या इंडियानापोलिस ह्या अमेरिकन युद्धनौकेचे ५६ खलाशी एकट्या कॅटलिनाने पाण्यातून उचलले. आत जागा संपली तेव्हा माणसं पंखावर ठेवून दोरांनी बांधली. त्या वजनाने विमान पुन्हा उडणं शक्यच नव्हतं, ते रात्रभर तसंच तरंगत राहिलं.

वाळूतलाकिल्ला | बुधवार, सकाळी ११:१५

सौदीत असताना आम्ही चार मित्र गाडी काढून अकाबाच्या आखाताच्या तोंडाशी, रास अल-शेख हुमैदला गेलो होतो. रेतीवर अख्खी कॅटलिना पडलेली आहे! आमच्यातला एक म्हणे महायुद्धात पाडलेली. तसं नाही. युद्ध संपल्यावर एका अमेरिकन धनिकाने घेऊन तिचा घरासारखा थाट केला आणि बायकामुलं घेऊन जग फिरायला निघाला. १९६० च्या मार्चमध्ये इथे मुक्काम टाकला आणि किनाऱ्यावरून गोळीबार झाला. माणसं वाचली, विमान तिथेच राहिलं. आता पत्रा पार सोललाय, आत वाळू भरलीय, सांगाड्यातून वारा शीळ घालतो. नटबोल्ट म्हणतात ती पायरी तेव्हा ठाऊक असती तर वाकून पाहिली असती. आम्ही फक्त सेल्फी काढले.

पर्थकर | बुधवार, दुपारी १२:०५

सांगाड्यांचं निघालं तर ब्रूम सांगायलाच हवं. जावाहून पळालेली डच कुटुंबं घेऊन कॅटलिना, डॉर्नियर अशा नौका ब्रूमच्या रोबक खाडीत रांगेने थांबल्या होत्या. बायका-पोरं आतच होती, कारण ओहोटीत किनाऱ्यावर उतरायची सोय नव्हती. ३ मार्च १९४२ च्या सकाळी झीरो आले. १५ उडत्या नौका जळाल्या, किमान ८८ माणसं गेली. तिथे भरती-ओहोटीत दहा-दहा मीटरचा फरक पडतो. वर्षातल्या मोजक्या मोठ्या ओहोटींना पाणी इतकं मागे हटतं की चिखलातून मैलभर चालत त्या सांगाड्यांपर्यंत जाता येतं. इंजिनं, पंखांचे तुकडे, सगळ्यावर कालवं चढलेली. मी एकदा गेलोय. आमच्या गटात कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. पाणी परत फिरायच्या आत निघावं लागतं, तेवढं घड्याळ बघत राहायचं.

सुशीसम्राट | बुधवार, रात्री ८:३०

जपानची बाजूही लिहून ठेवतो. कावानिशी एच८के, ह्या सगळ्यांत वेगवान आणि टणक. १६७ केल्या, आज जगात एकच उरली आहे. युद्धानंतर अमेरिकेने नेली, १९७९ मध्ये परत दिली. सध्या कागोशिमाजवळ कानोयाच्या तळावर उघड्यावर आहे, मी गेलो तेव्हा पाऊस पडत होता. ह्याच जातीच्या दोन नौकांनी ४ मार्च १९४२ ला वाटेत पाणबुडीकडून इंधन घेऊन पुन्हा पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले होते. रात्र आणि ढग, नुकसान काही नाही. कावानिशीची आजची कंपनी शिनमेवा. तिचीच यूएस-२ आपलं नौदल घेणार म्हणून कित्येक वर्षं बातम्या येत होत्या. घेतली नाहीच.

कावेरीकाठ | गुरुवार, सकाळी ९:४५

चेन्नईत १८ वर्षं. आमच्या नळाला ज्या रेडहिल्स तलावाचं पाणी येतं तिथे युद्धात कॅटलिनांचा तळ होता, २४० स्क्वाड्रन. तिथून निघून रात्री बर्मा, मलायाच्या किनाऱ्यावर हेरसुद्धा सोडायचे. आता काठावर जाळीचं कुंपण आणि पंपहाउस. इथल्या शेजाऱ्यांना सांगितलं तर माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात, खाडीकाठचा यांच्या घरी आजीकडे बघायचे तसंच.

खाडीकाठचा | गुरुवार, रात्री १०:१०

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. टपालखुणा, छत्रीचा निकाल लागेना म्हणून आज आत्याला विचारलं. ती कराचीत जन्मलेली, आता ८६. 'विमानाला पंखे किती होते?' तिने डोळे मिटले, बोटं मोजली आणि म्हणाली, "दोन. आणि कमरेला दोन्हीकडे काचेचे फुगे." 

नटबोल्ट | गुरुवार, रात्री १०:१८

कॅटलिना! ते फुगे म्हणजे तिची ओळखच. त्यात बसून टेहळणी करायचे.

टपालखुणा | गुरुवार, रात्री १०:३०

हरलो. आत्यांना नमस्कार सांगा.

चिंचगुळ | गुरुवार, रात्री १०:४४

आणि गोव्याच्या विमानाला ती पायरी आहे का? पाहिलीत का वाकून?

खाडीकाठचा | गुरुवार, रात्री ११:२०

मी नाही पाहिली, पण चिरंजीवांच्या फोनमध्ये फोटो निघाला. हा पठ्ठ्या तेव्हा विमानाखाली आडवा झाला होता आणि मी कपडे मळले म्हणून ओरडलो होतो. पायरी आहे. उद्या मोठा करून टाकतो.